गुटीर्ट होत नाही

लेकीच्या बाळंतपणासाठी मी श्टुटगार्टला गेले तेव्हा माझ्या बॅगेत डिंकाचे लाडू, आळीव, बाळंतशेपा, तळहाताएवढी सहाण आणि बाळगुटीची पुडी असा ऐवज होता. व्हिसा नव्वद दिवसांचा, त्यामुळे एकेक दिवस मोजून वापरायचा होता. पहिल्याच आठवड्यात धुरीचा बेत बारगळला, कारण तिथल्या झोपायच्या खोल्यांच्या छताला धूर हुंगणारं एक गोल यंत्र चिकटवलेलं असतं आणि ते शेपा आणि आग यांत भेद करत नाही. दुसऱ्या आठवड्यात बाळाच्या डॉक्टरीणबाईंनी गुटीला हात जोडले. वेखंड, मुरुडशेंग, जायफळ ही नावं लेकीने त्यांना जर्मनमध्ये सांगितली तेव्हा त्यांचा चेहरा मी पाहिला आणि सहाण मुकाट्याने सिंकखाली पालथी घातली. उरला स्वयंपाक. बाळंतिणीच्या जेवणाला लसणाची खमंग फोडणी हवीच, ती मी देत राहिले.

त्या गावात जिना झाडण्याची पाळी असते. तिला 'केअरवोखे' म्हणतात. आपला आठवडा आला की दाराच्या मुठीला एक लाकडी पाटी लटकते आणि ती शेजारच्या दाराला टांगेपर्यंत जिना, तळमजल्याची मोकळी जागा, दारापुढची फरसबंदी सगळं आपल्याकडे. जावई ऑफिसात, लेक ओली बाळंतीण, तेव्हा झाडू माझ्या हाती. एका शनिवारी टपालपेट्यांशेजारी मला एक टंकलिखित कागद दिसला. तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी लावलेला. जर्मन मला अक्षरओळखीपुरतं येत होतं. वरच्या ओळी डोक्यावरून गेल्या, पण शेवटचे तीन शब्द मी अडखळत वाचले: 'वेर्डन निख्ट गुटीर्ट'.

गुटी! माझ्या छातीत धस्स झालं. सहाण तर सिंकखाली होती. मग यांना कसं कळलं?

वर येऊन लेकीला म्हटलं, "अगं, गुटीचं खाली लावलंय." ती फोनवर फोटो बघून इतकी हसली की टाके दुखायला लागले. म्हणाली, "आई, गुटी नाही गं. गुटीरेन. क्रियापद आहे. जिन्यात येणारे स्वयंपाकाचे तीव्र वास गुटीर्ट होत नाहीत, असं लिहिलंय. म्हणजे आवडत नाहीत."

"मग सरळ आवडत नाहीत म्हणायचं ना."

"इथं 'आवडत नाही' म्हटलं की भांडण. 'गुटीर्ट होत नाही' म्हटलं की पत्रव्यवहार."

मी चौतीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवलं आणि आयुष्य पुण्यात काढलं. पाटी वाचून घाबरणारी माणसं वेगळी. आमच्याकडे पाटी अपमान करते, पण तोंडावर करते. दुपारी एक ते चार बेल वाजवू नये, वाजवल्यास काय ऐकावं लागेल हेही खाली लिहिलेलं असतं. या कागदात मात्र कोणी कोणावर ओरडत नव्हतं. तिथे कोणी नव्हतंच. वास होते, जिना होता आणि एक क्रियापद होतं, तेही सुटाबुटातलं. मला वासाचं काही वाटलं नाही, त्या क्रियापदाचं मात्र कुतूहल वाटलं. बाळ दिवसातले सोळा तास झोपत होतं. मला वेळच वेळ होता.

जावयाच्या फळीवर डूडनचा जाडजूड कोश होता. कोन्राड डूडन नावाच्या शाळामास्तरांनी 1880 मध्ये शुद्धलेखनाचा कोश काढला आणि पुढे त्यांचं आडनाव हेच कोशाचं नाव झालं. शाळामास्तराला याहून मोठा मान कोणता? लेकीने शब्द काढून दिला. शब्दापुढे एक शिक्का होता, 'बिल्डुंग्सश्प्राखलिख'. म्हणजे सुशिक्षितांच्या बोलीतला. भाजी घेताना वापरायचा नाही, अग्रलेखात वापरायचा. अर्थ: पसंत पडणे, मान्य असणे. आणि मुळाशी: चाखणे.

शब्द फ्रेंच. फ्रेंचांचं 'गूते', म्हणजे चव घेणे. ते आलं लॅटिन 'गुस्तारे'वरून. मधला 'स' कालांतराने गळाला, तेव्हा फ्रेंचांनी त्याच्या आठवणीसाठी आधीच्या स्वरावर एक लहानशी टोपी ठेवली. आमच्या पिढीच्या वडीलधाऱ्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. 'नांव', 'कां', 'केळें' यांच्या डोक्यावरचे न उच्चारले जाणारे अनुस्वार अशाच कोण्या जुन्या अक्षराची नाहीतर प्रत्ययाची आठवण होते. 1962 च्या नियमांनी ते पुसले, तेव्हा माझे वडील आठवडाभर घरात कोणाशी नीट बोलले नव्हते. जर्मनांनी शब्द उचलताना ती टोपी काढून घेतली आणि मागे आपलं शेपूट जोडलं, '-ईरेन'.

हे शेपूटही मुळात फ्रेंचच. मध्ययुगात सरदार-शूरांच्या काव्यांबरोबर फ्रेंच क्रियापदं जर्मनमध्ये शिरली आणि त्यांच्या तोंडचा 'इए' जर्मन 'एन'ला चिकटून बसला. मग ते इतकं सोयीचं झालं की परका शब्द आला की लावा ईरेन. श्टुडीरेन, टेलेफोनीरेन, श्पात्सीरेन म्हणजे फिरायला जाणे, ब्लामीरेन म्हणजे स्वतःचं हसं करून घेणे. पुढे पुढे तर अस्सल घरच्या शब्दांनाही हे शेपूट लागलं. 'बुखश्टाब' म्हणजे अक्षर, त्याचं बुखश्टाबीरेन. 'हाउस' म्हणजे घर, त्याचं हाउझीरेन, म्हणजे दारोदार फिरून माल विकणे. आमच्या इमारतीच्या मुख्य दारावर एक जुनी, कडेला गंजलेली पत्र्याची पाटी होती: 'बेटलन उंड हाउझीरेन फेरबोटन'. भीक मागण्यास व दारोदार विक्रीस मनाई. ती मला पहिल्या दिवशीच वाचून दाखवण्यात आली होती, कारण जावयाच्या मते ती पुण्याची आठवण करून देते.

आपण परक्या शब्दाला एवढं आपलेपण देत नाही. 'डिलीट करणे', 'स्कॅन करणे'. कामाचा सगळा भार 'करणे'वर, पाहुणा नुसता बसून. पण फारसीच्या काळात आपणही धीट होतो. फर्माव, आजमाव, नावाज यांना सरळ 'णे' लावून घरात घेतलं. फर्मावणे हे आपलं गुटीरेनच आहे म्हणा. मूळ फारसी, तोरा दरबारी, आणि आज बोलताना कोणी खऱ्या अर्थाने वापरत नाही. "काय फर्मावताय?" असं म्हणणारा हमखास चेष्टा करत असतो.

जर्मन विद्यार्थ्यांवर ईरेनचे एक उपकारही आहेत. भूतकाळी कृदंताला तिथे पुढे 'ग' चिकटतो, पण ज्या क्रियापदाचा आघात पहिल्या अक्षरावर नसतो त्याला तो लागत नाही. म्हणून गुटीर्ट, 'गेगुटीर्ट' नव्हे. पाहुण्याला आमच्या घरचे सगळे सोपस्कार माफ.

हे सगळं फ्रेंच शिरलं कसं, याचं उत्तर राजवाड्यांत आहे. सतराव्या-अठराव्या शतकांत जर्मन दरबारांना फ्रेंचचं वेड लागलं होतं. प्रशियाचा दुसरा फ्रेडरिक, ज्याला जग 'महान' म्हणतं, त्याने पॉट्सडॅमला राजवाडा बांधला आणि नाव दिलं 'सां सूसी', निश्चिंत. नावच फ्रेंच म्हटल्यावर आतली बोलीही तीच. 1750 मध्ये तिथे राहायला आलेल्या व्होल्टेअरने एका पत्रात कळवलं की इथे सगळे फ्रेंच बोलतात, जर्मन ही शिपाई आणि घोड्यांसाठी ठेवली आहे. यजमानाची पोळी खाऊन असं लिहायला धैर्य लागतं. यजमानाचंही मत फार वेगळं नव्हतं. 1780 मध्ये त्याने जर्मन साहित्यावर एक पुस्तिका लिहिली, जर्मन साहित्याला नावं ठेवली, आणि ती लिहिली फ्रेंचमध्ये.

याचा संताप येणारेही होते. 1617 मध्ये वायमारला एक मंडळ निघालं, 'फळ देणारी सभा' अशा अर्थाच्या नावाचं. प्रत्येक सभासदाला टोपणनाव आणि एक वनस्पती. संस्थापक राजे लुडविष यांचं नाव 'पोषण करणारा' आणि चिन्ह गव्हाची पोळी, म्हणजे त्यांचा तो पाव. या मंडळात पुढे फिलिप फॉन त्सेझन नावाचे गृहस्थ आले. परके शब्द दिसले की ते हातात झाडू घेत. 'आड्रेस'ला त्यांनी 'आन्श्रिफ्ट' दिला, 'डायलेक्ट'ला 'मुंडआर्ट', आणि हे शब्द आज कोणाला घडवलेले वाटतही नाहीत. पण 'पिस्तोल'साठी त्यांनी जो शब्द सुचवला त्याचा अर्थ होतो 'दगा देऊन फटकन उडणारं', तर जोगिणींच्या मठाला म्हणाले 'कुमारिकांचा कोंडवाडा'. लोकांनी पहिले ठेवले, दुसऱ्यांवर हसून घेतलं. त्सेझन गेले 1689 मध्ये. म्हणजे ते शब्द घडवत होते त्याच काळात इकडे रायगडावर राज्यव्यवहारकोशाचं काम चाललं होतं आणि फारसी शब्दांना संस्कृत पर्याय शोधले जात होते. दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता. राज्यव्यवहारकोशातलेही काही शब्द रुजले, काही कोशातच राहिले. पुढे एकोणिसाव्या शतकात जर्मन रेल्वेनेही मनावर घेतलं आणि 'पेराँ' जाऊन 'बानश्टाइग' आला. शेजारचे स्विस मात्र अजून पेराँवरच उभे असतात. आपण फलाटावर. प्लॅटफॉर्मचा फलाट करून टाकला, भाषाशुद्धीचं नावही न काढता. मला विचाराल तर हा मार्ग सगळ्यात बरा.

गुटीरेन या सगळ्या झाडलोटीतून वाचलं. त्याला पर्याय होता, 'गुटहाइसन', चांगलं म्हणणे. पण गुटीरेनच्या कानालाही योगायोगाने 'गुट' लागतो, चांगलं. आयतं घरचं वाटतं. शिवाय त्याला एक नेमकं काम मिळालं होतं, जे दुसरं कोणी करत नव्हतं. नाक मुरडण्याचं.

लेकीने मला वर्तमानपत्रं वाचून दाखवली तेव्हा हे ध्यानात आलं. हा शब्द जवळजवळ नेहमी 'निख्ट' बरोबर, म्हणजे नकाराबरोबर येतो. मतदार एखादा निर्णय गुटीर करत नाहीत. प्रेक्षक नवं नाटक फारसं गुटीर करत नाहीत. पक्षश्रेष्ठींनी अमक्याचं विधान गुटीर केलं नाही. आपल्याकडे 'रुचलं नाही', 'पचनी पडलं नाही' हे शब्द अशाच जागी येतात. 'अमक्यांची उमेदवारी कार्यकर्त्यांच्या पचनी पडली नाही' हे वाक्य नसेल तर मराठी वर्तमानपत्राला निवडणूक झाल्यासारखी वाटत नाही. दोन्हीकडे तोंड, जीभ, पोट यांच्यावर भार. राजकारण माणूस डोक्याने करतो ही समजूत दोन्ही भाषांना मान्य नाही.

पण एक फरक आहे आणि तो मला रात्री बाळाला मांडीवर घेऊन बसले असताना उमगला. मराठीत म्हणताना आपण म्हणतो, मला रुचत नाही. 'मी' नाही, 'मला'. ज्याला रुचतं त्याला चतुर्थी, ही गोष्ट पाणिनीने एका स्वतंत्र सूत्रात सांगून ठेवली आहे आणि टीकाकारांनी उदाहरण दिलं आहे ते देवदत्ताचं आणि मोदकाचं. वाक्यात कर्ता कोण? मोदक. रुचण्याचं काम तोच करतो. देवदत्त बिचारा नुसता बसलेला, त्याच्या बाबतीत काहीतरी घडतं आहे. मला आवडतं, मला रुचतं, मला भावतं, मला किळस येते. आमच्या आवडीनिवडी आमच्यावर येऊन आदळतात. गंमत म्हणजे जर्मनही साध्या बोलण्यात असंच करतं. जेवण 'मिअर श्मेक्ट', मला चवदार लागतं. चित्र 'मिअर गेफेल्ट', मला आवडतं. तिथेही 'मला'.

गुटीरेन तसं नाही. 'इश गुटीरं'. मी. प्रथमा. इथे जीभ सोसत नाही, निकाल देते. देवदत्त पाटावरून उठून खुर्चीवर बसला आणि मोदक पिंजऱ्यात उभा राहिला. साधं 'आवडत नाही' म्हणणारा स्वतःची अडचण सांगत असतो. 'गुटीर करत नाही' म्हणणारा दुसऱ्याची पातळी सांगत असतो. आणि आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी तर पुढची पायरी गाठली होती. कर्मणी प्रयोग करून खुर्चीवरचा माणूसही काढून घेतला. खुर्ची तेवढी उरली. वास गुटीर्ट होत नाहीत. कोणाला? विचारायचं नाही.

एवढ्यावर मी थांबले असते, पण धातू दिसला की मुळापर्यंत खणायची खोड जात नाही. 'गुस्तारे'चं मूळ आणि आपल्या संस्कृतातल्या 'जुष्' धातूचं मूळ एकच आहे, हे भाषाशास्त्र शिकलेल्यांना माहीत असतं. जुष् म्हणजे आवडीने सेवन करणे, प्रीती असणे. मूळ अर्थ चाखणे, आणि चाखल्यावर माणूस करतो काय, तर निवडतो. म्हणून इंग्रजांचं 'चूज' याच घरातलं. जर्मनमध्ये या मुळाचे अस्सल वंशज आधीपासून नांदत होते. चाखण्याला 'कोस्टन', आणि सम्राट निवडणारे राजे ते 'कुअरफ्यूर्स्ट'. 1356 च्या सुवर्णमुद्रांकित फर्मानाने असे सात जण ठरवून दिले होते. सम्राटाला आधी चाखून बघणारे सात जण, असं मी लेकीला सांगितलं तर ती म्हणाली, "आई, झोप." आणि इराणकडच्या शाखेत याच मुळाला 'ज'चा 'द' होऊन एक शब्द निघाला, तो आपण रोज वापरतो: दोस्त. चाखून, आवडून, निवडलेला.

म्हणजे घरात कोस्टन असताना जर्मनांनी त्याचाच लांबचा भाऊ फ्रान्समार्गे पुन्हा दत्तक घेतला.

जुष् मराठीत फारसा उरला नाही. पण गीतेच्या दुसऱ्या अध्यायात, अर्जुन हातपाय गाळून बसतो तेव्हा श्रीकृष्ण त्याला जे पहिलंच झापतो त्यात 'अनार्यजुष्ट' असा एक शब्द आहे. समास दोन तऱ्हांनी सुटतो. हलक्या लोकांना आवडणारं, किंवा भल्या लोकांना न रुचणारं. दुसरी तऱ्हा घेतली तर काय झालं पाहा. भगवंत म्हणत नाहीत की तुझं हे रडणं मला आवडलं नाही. ते म्हणतात, हे भल्यांकडून गुटीर्ट होत नाही. तोच धातू, तोच नकार, तेच कर्मणी कृदंत. चौतीस वर्षं मी हा शब्द फळ्यावर फोडून दाखवला आणि तो कळला श्टुटगार्टच्या टपालपेट्यांशेजारी.

या आनंदात माझ्या हातून एक आगळीक झाली. मला वाटलं, चाखणे हा मूळ अर्थ आहे ना, मग न चाखताच 'गुटीर्ट होत नाही' कसं लिहिता? निकाल द्या, पण साक्ष तर घ्या. रविवारी चिंचगुळाची आमटी केली, वाटीत काढली, वर कोथिंबीर घातली आणि तिसऱ्या मजल्यावर जाऊन बेल दाबली. दार उघडलं. आजोबा कडक इस्त्रीच्या शर्टात. मी तोंडपाठ करून आले होते: "बिट्टं, कोस्टन." कृपया, चाखा.

आता जर्मनमध्ये दोन कोस्टन आहेत हे मी वाचलं होतं, पण ऐनवेळी विसरले. एक चाखण्याचं, दुसरं किंमत पडण्याचं. दुसऱ्याचं मूळ अगदी निराळं, पण शब्द अक्षराअक्षराने तोच. आजोबांनी वाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि अतिशय सभ्यपणे मान हलवून काहीतरी म्हणाले, त्यातला एकच शब्द मला ओळखीचा वाटला. हाउझीरेन.

मी त्यांना आमटी विकायला आले आहे, असा त्यांचा समज झाला होता. पुण्याच्या निवृत्त शिक्षिकेने परदेशी जाऊन दारोदार आमटी विकावी! मी "नाइन, नाइन" म्हणत वाटी त्यांच्या हातात कोंबली आणि जिना उतरून आले. ब्लामीरेनचा अर्थ यानंतर कोशात बघावा लागला नाही.

मंगळवारी वाटी परत आली. घासून, पुसून, कागदी रुमालात गुंडाळून. लेक दाराशी होती. तिने विचारलं, कशी वाटली? ते म्हणाले, "इंटरेसांट."

"म्हणजे आवडली?" मी आतून विचारलं.

"आई, जर्मन माणूस जेवणाला इंटरेसांट म्हणाला की पुन्हा द्यायचं नसतं."

मी पुन्हा दिली नाही. पण पुढच्या शनिवारी लाकडी पाटी आमच्या दारावरून शेजारी टांगायला गेले तेव्हा खाली टपालपेट्यांशी नवा कागद दिसला. तोच टंक, त्याच ओळी, शेवटी तेच तीन शब्द. फक्त मध्ये एक आकडा नव्याने आला होता. लेकीला फोटो दाखवला. तिने दोनदा वाचून खात्री केली. आता रात्री आठनंतरचे वास तेवढे गुटीर्ट होत नव्हते.

तेव्हापासून मी फोडणी पावणेआठला देते. लसूण जरा जास्तच घालते, दिवसभराचा एकदम.